अवो की अवॉ? पोर्तुगीज स्वर तोंडात कुठे घडतात

प्रश्न असा आहे: पोर्तुगीज शिकताना 'आजोबा' आणि 'आजी' या दोन शब्दांतला फरक ऐकताना कळतो, पण बोलायला गेलं की दोन्ही सारखेच बाहेर पडतात. शिवाय 'पाव' या अर्थाचा शब्द म्हटला की शिक्षक दर वेळी मान हलवतात. तर तोंडात नेमकं काय करायचं?

शाळेपासून आपल्याला स्वर म्हणजे ह्रस्व आणि दीर्घ असंच शिकवलेलं असतं. त्यामुळे फरक दाखवायचा झाला की मराठी माणूस स्वर ताणतो. पोर्तुगीजमध्ये ताणून काहीच साधत नाही, कारण तिथे अर्थ बदलतो तो तोंडाच्या पोकळीच्या आकाराने. जीभ किती वर आहे, कुठे उचलली आहे, ओठ किती गोल आहेत आणि मऊ टाळू (टाळूचा मागचा मऊ भाग, जो नाकाची वाट उघडतो-मिटतो) कधी खाली येतो, या चार गोष्टींवर सगळा खेळ आहे. आजोबा-आजीचा घोळ जिभेचा आहे आणि पावाचा घोळ मऊ टाळूच्या वेळेचा. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

जीभ वर असताना निघणारा ए किंवा ओ तो बंद, जीभ थोडी खाली उतरल्यावर निघणारा तो उघडा. पुढे उघडा ए 'ऎ' असा आणि उघडा ओ 'ऑ' असा लिहिला आहे. चंद्रबिंदू म्हणजे खरोखर नाकातून निघणारा स्वर, म् किंवा न् नव्हे. आजोबा म्हणजे 'अवो', आजी म्हणजे 'अवॉ'. पोर्तुगीज लिपीत आजोबांच्या ओ वर टोपी असते आणि आजीच्या ओ वर उजवीकडे चढणारी तिरकी रेघ. टोपी म्हणजे स्वर बंद, रेघ म्हणजे उघडा. ए च्या बाबतीतही हेच: 'पे' (टोपीचा) म्हणजे प हे अक्षर आणि 'पॆ' (रेघेचा) म्हणजे पाऊल. गोची अशी की बहुतेक शब्दांवर ना टोपी असते ना रेघ. 'तहान' आणि 'मुख्यालय' या अर्थांचे दोन पोर्तुगीज शब्द कागदावर हुबेहूब सारखे दिसतात. तहानेतला ए बंद, मुख्यालयातला उघडा.

आता नळीकडे वळू. स्वरयंत्रापासून ओठांपर्यंतची पोकळी प्रौढ पुरुषात साधारण १७.५ सेंटिमीटर लांब असते. ध्वनितंतूंच्या बाजूने ती जवळजवळ बंद आणि ओठांच्या बाजूने उघडी. अशा नळीचे अनुनाद (आवाजाच्या ज्या वारंवारता नळीत घुमून जोर धरतात त्या) काढायला फार गणित लागत नाही. उबदार, दमट हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३५० मीटर धरला आणि त्याला नळीच्या लांबीच्या चौपटीने भागलं की पहिला अनुनाद ५०० हर्ट्झचा येतो. पुढचे १५०० आणि २५०० वर. जीभ सैल सोडून मधोमध ठेवली तर आपला साधा 'अ' याच्या आसपास बसतो. या अनुनादांना फॉर्मंट म्हणतात. ध्वनितंतू फक्त कच्चा आवाज पुरवतात. त्यातला कुठला भाग उचलून धरायचा आणि कुठला दाबायचा हे पोकळी ठरवते. गुनार फांट या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९६० साली हा सिद्धांत नीट मांडला. स्वर मोजायचा म्हणजे पहिले दोन फॉर्मंट मोजायचे अशी रीत आहे.

ढोबळ नियम असा: जीभ आणि जबडा खाली गेला की पहिला फॉर्मंट चढतो. जिभेचा उंचवटा पुढे सरकला की दुसरा चढतो. ओठ गोल करून पुढे काढले की नळी लांबते, तोंड अरुंद होतं आणि सगळेच फॉर्मंट उतरतात. ब्राझीलच्या पुरुषांच्या आवाजात 'ई' चा पहिला फॉर्मंट २८५ च्या आसपास आणि दुसरा २२०० च्या आसपास मिळतो. 'आ' साठी साधारण ६८० आणि १३३०, 'ऊ' साठी ३१० आणि ७६०. 'ई' म्हणताना जीभ पुढे कठीण टाळूला भिडायला जाते, मागे घशात मोठी मोकळी जागा राहते आणि पुढे चिंचोळी फट. म्हणजे अरुंद मानेची बाटलीच. बाटलीच्या तोंडावर फुंकल्यावर जसा खर्ज निघतो, तसा 'ई' चा पहिला फॉर्मंट खाली बसतो. 'आ' मध्ये उलट: जिभेचं मूळ घशाकडे सरकतं, मागची जागा आवळते आणि पुढचं तोंड मोकळं होतं.

हे कानाने पडताळायचं असेल तर कुजबुजून पाहा. आवाज न काढता, फक्त श्वासाने, ई, ए, ऎ, आ, ऑ, ओ, ऊ असं सावकाश एका ओळीत म्हणा. ध्वनितंतू कंप पावत नसल्यामुळे सूर नसतो, तरीही एक शीळ वरून खाली उतरत गेल्यासारखी ऐकू येते. तो दुसरा फॉर्मंट. पहिला ऐकायचा असेल तर श्वास रोखून (वजन उचलताना रोखतो तसा), तोंड स्वराच्या आकारात ठेवून गळ्यावर बाजूने बोटाने टिचकी मारा. 'ई' ला मडक्यासारखा बद्द आवाज येईल, 'आ' ला वर चढलेला. याच सात पायऱ्या म्हणजे ब्राझीलच्या पोर्तुगीजमधले आघात असलेले (शब्दात ज्यांवर जोर पडतो ते) सात मौखिक, म्हणजे नाकातून न जाणारे, स्वर. कुजबुजीत तुमच्या सात पायऱ्या वेगळ्या ऐकू आल्या नाहीत, तर मोठ्याने बोलतानाही त्या वेगळ्या येणार नाहीत.

बहुतेकांच्या पायऱ्या पाचच निघतात, आणि अडतं ते ए-ऎ आणि ओ-ऑ वर. ओ कडून ऑ कडे जाताना पहिला फॉर्मंट साधारण ३७० वरून ५३० वर जातो, दुसरा ८०० वरून ९३० वर. म्हणजे मुख्य बदल उंचीचा आहे. दुसऱ्या फॉर्मंटमध्ये फरक थोडाच. तोंडाच्या भाषेत: जिभेची मागची बाजू मऊ टाळूपासून खाली, घशाच्या वरच्या भागाकडे उतरते, जबडा काही मिलिमीटर सुटतो, ओठांचं वर्तुळ मोठं होतं पण वर्तुळच राहतं. नेमकी चूक इथे होते. शिकणारा ओठ फाकवतो. ओठ फाकले की दुसरा फॉर्मंट भसकन वर जातो आणि 'अवॉ' चा 'अवा' होतो. दुसरी चूक जबड्याची: जबडा बराच सोडायचा, पण जीभ ओ च्याच जागी चिकटून ठेवायची. बाहेरून तोंड मोठं दिसतं, आवाज मात्र आजोबांचाच येतो.

म्हणून साध्या पेन्सिलीचा उपाय. पेन्सिल आडवी दाढांमध्ये हलकेच धरा, म्हणजे जबडा एका जागी अडकला. आता 'अवो' म्हणा, मग 'अवॉ'. दोन्ही जमायला हवेत. सुरुवातीला 'अवो' जड जातो, कारण जबड्याच्या मदतीशिवाय जिभेला स्वतः वर चढावं लागतं, आणि शिकायचं आहे ते हेच. दहा-पंधरा वेळा आलटून पालटून म्हणा, पेन्सिल काढा आणि जिभेची तीच हालचाल ठेवून परत म्हणा. आपल्या 'ऑफिस', 'डॉक्टर' मधला ऑ इथे चांगला कामाला येतो, मात्र हे शब्द 'हाफिस', 'डाक्टर' असे म्हणायची सवय असेल तर आधी ती सोडावी लागेल.

ऎ ला तेवढा हाताशी आधार नाही. आपला 'ए' पोर्तुगीज बंद ए ला पुरतो. 'बॅट', 'कॅप' मधला ॲ मात्र ऎ पेक्षा जास्त उघडा आहे. पाऊल म्हणायला 'पॅ' म्हणालात तर लोकांना कळेल, पण कानाला खटकेल. ए चा पहिला फॉर्मंट साधारण ३६० आणि ऎ चा ५२०. ॲ त्याच्याही वर जातो. करून पाहा: 'ए' पासून 'ॲ' पर्यंत न थांबता सरकत जा, मग त्या सरकण्याच्या मधोमध थांबा. ओठांचे कोपरे 'ए' ला जेवढे ताणलेले असतात तेवढेच ठेवा. कोकणी बोलणाऱ्यांना ही कसरत करावी लागत नाही. कोकणीत उघडा-बंद ए आणि उघडा-बंद ओ हे भेद आधीपासून आहेत, आणि नाकातले स्वरही. घरात कोकणी बोलणारं कोणी असेल तर ए आणि ओ चा सराव त्यांच्यासमोर करा. बंद आणि उघड्यातली चूक त्यांच्या कानाला लगेच सापडेल.

हा भेद व्याकरणातही घुसलेला आहे. अंडं म्हणजे 'ओवु', पण अंडी म्हणजे 'ऑवुश' (ब्राझीलमध्ये 'ऑवुस'). शेवटच्या स् मुळे अनेकवचन कळतंच, तरी आतला स्वरही उघडतो. 'नवा' हा 'नोवु', पण 'नवी' ही 'नॉव'. 'हा' म्हणजे 'एश्त', 'ही' म्हणजे 'ऎश्त'. हे लिपीत दिसत नाही, म्हणून नवा शब्द वहीत लिहिताना त्याच्या आघाताच्या स्वरावर स्वतःपुरती टोपी किंवा रेघ काढून ठेवा. शब्दकोशातला उच्चार एकदा बघून केलेली ही खूण पुढे फार त्रास वाचवते. पंचवीस शब्द चुकीच्या स्वरासह पाठ केले की ते सुधारायला पंचवीस नवे शब्द शिकण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

आता पावाकडे.

अडचणीचं मूळ आपल्या अनुस्वारात आहे. 'आंबा' मध्ये तो म् असतो, 'गंगा' मध्ये ङ्, 'वारंवार' मध्ये वेगळाच. 'केलं', 'असतं' मध्ये तर तो नाकाचा राहिलेलाच नाही, फक्त अ लांब करायची खूण. पूर्वी 'केलें', 'नांव' असे अनुस्वार लिहीत. उच्चार गेल्यानंतरही ते लिहिले जात होते, १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते काढून टाकले. त्यामुळे शब्दाच्या शेवटी नाकाची खूण दिसली की मराठी डोळा ती म् किंवा न् म्हणून वाचतो. 'होय' साठीचा पोर्तुगीज शब्द 'सीँ' आहे. लिहिताना शेवटी म् चं अक्षर असतं, म्हणून आपण 'सिम' म्हणतो. 'चांगला' म्हणजे 'बोँ', आपण म्हणतो 'बोम'. गोव्यातल्या गावांच्या रोमन पाट्यांवर हाच घोटाळा रोज दिसतो. कांदोळी आणि बाणावली या नावांच्या जुन्या पोर्तुगीज स्पेलिंगच्या शेवटी म् चं अक्षर आहे. ते फक्त नाकातला ईँ दाखवण्यासाठी होतं. इंग्रजी वाचणाऱ्यांनी त्याला ओठ मिटवले आणि 'कॅन्डोलिम', 'बेनॉलिम' झालं.

खरा नाकातला स्वर आपल्या तोंडात नाही असं मात्र नाही. कोणाचं बोलणं नीट ऐकू आलं नाही की आपण 'अं?' म्हणतो. तोंड उघडं, ओठ मिटलेले नाहीत, जीभ कुठेही टेकलेली नाही, आणि हवा नाक-तोंड दोन्हींकडून जाते. पोर्तुगीजमध्ये 'लोकर' या अर्थाचा शब्द म्हणजे ल आणि हा 'अं?', मिळून 'लँ'. त्याच्या जोडीचा 'ला' म्हणजे 'तिथे'. इथे फक्त नाकच नाही, जीभही बदलते: नाकातला स्वर आ नसून अ आहे, जीभ वर चढलेली. 'लाँ' म्हणणं ही इथली नेहमीची चूक. पोर्तुगीजमध्ये नाकातले स्वर पाचच, अँ, एँ, ईँ, ओँ, ऊँ. नाकात उघड्या-बंदचा भेद उरत नाही. याला पोकळीचं कारण आहे. मऊ टाळू खाली आला की नाकाची फांदी मूळ नळीला जोडली जाते, तिचा स्वतःचा अनुनाद खाली उमटतो आणि काही वारंवारता ती गिळून टाकते. पहिला फॉर्मंट पसरट, पुसट होतो. पहिला फॉर्मंट म्हणजे उंचीची खूण, आणि ती पुसट झाल्यावर जवळजवळच्या उंची वेगळ्या ऐकू येणं अवघड.

खात्री करून घ्यायची असेल तर स्वर चालू असताना नाकपुड्या चिमटीत धरा. 'ला' ला काही फरक पडणार नाही. 'लँ' एकदम कोंडल्यासारखा होईल. मग आरशासमोर 'सीँ' आणि 'बोँ' म्हणा आणि शेवटी ओठ एकमेकांना लागतात का ते बघा. लागले तर म् आला. ओठ लागत नाहीत पण शेवटी 'सिंग' सारखं वाटतं, तर जिभेची मागची बाजू टाळूला टेकली. दोन्ही टाळा.

मऊ टाळू हा मांसल पडदा, जिभेच्या टोकाइतका चपळ नाही. त्यामुळे पोर्तुगीज नाकातला स्वर सुरू होतो तोंडातून आणि नाक सावकाश भरत जातं. शेवटाकडे ते सगळ्यात जास्त. पोर्तुगालच्या आवैरू विद्यापीठात एमआरआयने जीभ आणि मऊ टाळूच्या या हालचाली टिपल्या आहेत. फ्रेंच आधी शिकलेले लोक स्वर पहिल्या क्षणापासून नाकात ढकलतात आणि मग पोर्तुगीज बोलताना फ्रेंच वाटतात. पुढे प्, ब्, त्, द् असेल तर ('कँपु', म्हणजे शेत) त्या व्यंजनाच्या आधी पुसटसा म् किंवा न् आपोआप येतो. तो येऊ द्या, पण मुद्दाम म्हणू नका.

पाव म्हणजे 'पँउँ'. क्रम असा: प् सोडताना जीभ अ च्या उंचीवर, आ च्या नाही. लगेच मऊ टाळू खाली यायला लागतो. जिभेची मागची बाजू वर चढते, ओठ गोल होतात, पण टाळू खालीच राहतो. शेवटी आवाज संपतो तो ओठ गोल असताना आणि नाक उघडं असताना. मराठी तोंडाच्या चुका इथे तीन. पहिली, सुरुवात 'पा' ने. दुसरी, शेवटी व म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांना लावायचा. ओठ फक्त गोल व्हायला हवेत, दाताचा संबंध नाही. तिसरी, नाक फक्त पहिल्या अर्ध्यात आणि उ कोरडा. ही तिसरी चूक 'पँउ' अशी ऐकू येते, आणि शिक्षक मान हलवतात ते बहुधा हिच्यावरच. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी कोकण किनाऱ्यावरच्या लोकांनी याच शब्दाचं काय केलं ते आपल्या ताटातच आहे. नाक गेलं, शेवटचा गोल स्वर व झाला, आणि 'पाव' राहिला. 'लेइलँउँ' चा 'लिलाव' झाला तोही असाच.

आई म्हणजे 'मँइँ'. फक्त दुसऱ्या अर्ध्यात ओठ गोल न होता जीभ पुढे ई कडे. 'खूप' या अर्थाचा 'मुँइँतु' तर लिपीत नाकाची कुठलीही खूण न ठेवता नाकातून बोलला जातो. आधीच्या म् चं नाक पुढच्या स्वरांत झिरपलं आणि तिथेच राहिलं.

आघात नसलेल्या स्वरांवर थोडंच लिहितो, पण ते टाळता येत नाहीत. पोर्तुगालमध्ये आघात नसला की आ चा अ होतो (आपला साधा अ चालतो), ओ चा उ होतो, आणि ए एका मधल्या स्वरात जातो, जो मराठीत नाही. जीभ ई इतकी वर पण मधोमध, ओठ अजिबात गोल नाहीत. उ म्हणता म्हणता ओठ हळूच सपाट केले आणि जीभ किंचित पुढे आणली की तो सापडतो. घाईत तो गळतोच: 'छोटा' म्हणजे 'पेकेनु', लिस्बनमध्ये ऐकू येतो 'प्केनु'. पोर्तू शहराचं नाव लिहितात ओ ने आणि म्हणतात उ ने, ते यामुळेच. लिस्बनची आणखी एक खोड म्हणजे दुधाचा 'लेइत' तिथे 'लइत' होतो. ब्राझीलमध्ये हे स्वर एवढे आकसत नाहीत. शेवटचा ए तिथे इ होतो आणि बऱ्याच भागांत तो इ आधीच्या त् ला च् करून टाकतो, म्हणून दूध 'लेइची'. ईशान्य ब्राझीलमध्ये आघाताआधीचे स्वर उलट उघडतात. रेसिफी शहराचे लोक आपल्या गावाला 'हॆसीफी' म्हणतात, साओ पावलोकडचे 'हेसीफी'. कुठली पोर्तुगीज शिकायची हे आधी ठरवा आणि तिचेच आवाज ऐका. दोन्हींचे तुकडे मिसळले की आघात नसलेल्या स्वरांत सगळा गोंधळ उडतो.

कानावर भरवसा नसेल तर मोजा. त्यासाठी ॲमस्टरडॅम विद्यापीठाच्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी बनवलेलं 'प्राट' हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. रेकॉर्डिंग ४४,१०० हर्ट्झला, न आकसलेल्या वेव्ह फाइलमध्ये करा. माइक तोंडापासून १५-२० सेंटिमीटरवर, थोडा बाजूला, म्हणजे श्वासाचे फटके बसत नाहीत. पंखा बंद. मेसेजिंग ॲपमधली व्हॉइस नोट मोजू नका, आकसताना आणि आवाज 'स्वच्छ' करताना ती बराच तपशील उडवते. प्रत्येक शब्द पाच वेळा म्हणा आणि फॉर्मंट स्वराच्या मधल्या भागातून घ्या. कडेला शेजारच्या व्यंजनाची ओढ असते.

कमाल फॉर्मंट पुरुषांसाठी ५००० आणि स्त्रियांसाठी ५५०० ठेवून पाच फॉर्मंट मागायचे, ही नेहमीची मांडणी. ओ आणि ऊ ला ती दगा देते, कारण त्यांचे पहिले दोन फॉर्मंट एकमेकांना खेटून असतात आणि सॉफ्टवेअर दोन्ही मिळून एकच धरतं. मग तिसरा फॉर्मंट दुसरा म्हणून छापला जातो. ऊ चा दुसरा फॉर्मंट २३०० दिसला तर समजा की हेच झालं. कमाल आकडा ४०००-४५०० पर्यंत उतरवून परत मोजा. आवाज उंच असेल तर ई चा पहिला फॉर्मंट सुराच्या पटींना चिकटतो, म्हणून मोजण्यासाठी बोलताना जरा खालच्या सुरात बोला. नाकातल्या स्वरांवर मात्र हे आकडे वापरू नका. नाकाचा अनुनाद पहिल्या फॉर्मंटच्या जागी घुसतो आणि आकडा निरर्थक होतो. त्यासाठी चिमटी आणि आरसाच बरे.

वर दिलेले आकडे लक्ष्य म्हणून धरू नका. स्त्रियांची पोकळी लहान, साधारण १४-१५ सेंटिमीटरची, त्यामुळे त्यांचे सगळेच आकडे वर असतात. बघायचं ते तुमच्याच अवो आणि अवॉ मधलं अंतर. पाच-पाच ठिपके कागदावर मांडा, उभ्या रेषेवर पहिला फॉर्मंट, आडव्यावर दुसरा. पुरुषी आवाजात दोन्ही पुंजक्यांत पहिल्या फॉर्मंटचं अंतर दीडशे हर्ट्झच्या आसपास हवं, स्त्रियांच्या आवाजात त्याहून जास्त. पुंजके एकमेकांत मिसळले तर परत पेन्सिल दाढांत धरा. अंतर पुरेसं आहे पण अवॉ चा पुंजका आ कडे सरकला आहे, तर जीभ ठीक आहे, ओठ फाकताहेत.